दीपमाला मॅडमचा अर्धा सेकंद

आमच्या लग्नाचा मुहूर्त दुपारी बारा चाळीसचा होता. आता खानदेशात पत्रिकेवर बारा चाळीस छापलं की लोक दोनला घरून निघतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बारा चाळीसला मी मारुतीच्या देवळापाशी, बँडसमोर, मित्रांच्या खांद्यावर होतो. नवरी मात्र बारा पस्तीसलाच बोहल्यावर येऊन उभी राहिली होती. हातात हार, समोर कुणी नाही, भटजीसुद्धा अजून चहा पीत होते. बारा एकेचाळीसला तिने आपल्या मामाला पिटाळलं. मामा घामाघूम होऊन नाचणाऱ्या गर्दीत घुसले आणि माझ्या कानात ओरडले, "जावईबापू, नवरी सांगस, तुम्ही एक मिनिट लेट व्हयनात!"

त्या दिवसापासून मी लेटच आहे. बावीस वर्षं झाली.

मी हेमकांत. म्हसावदला राहतो, पपई लावतो, बांधाच्या कडेला थोडी मिरची. बायको दीपमाला गावातल्या शाळेत खेळाची शिक्षिका. सगळं गाव तिला मॅडम म्हणतं, आणि रागावलो की मीही मॅडमच म्हणतो. तिच्या डाव्या मनगटावर घड्याळ, गळ्यात शिट्टी आणि खिशात थांबवायचं घड्याळ असतं. कुकरच्या शिट्ट्या ती मोजत नाही, मिनिटं मोजते. माझी आई छबूबाई आंघोळीला गेली की ही स्वयंपाकघरातून सांगते, "आई, सतरा मिनिटं झाली." आई आतून ओरडते, "मी काय परीक्षाले बठेल शे का वं?" दोघींचं असं रोज चालतं, आणि मला त्यात पडायची परवानगी नाही.

आता हे वेड आमच्या मुलखात का चालत नाही, ते सांगतो. आमच्याकडे मापापेक्षा वरचं महत्त्वाचं. तळोद्याच्या बाजारात मिरची घ्या नाहीतर खापरच्या बाजारात डाळ घ्या, काटा बरोबर झाला की विकणारा एक मूठ वर टाकतो. ती मूठ पडली नाही तर गिऱ्हाईक पिशवीचं तोंड मिटत नाही, तसंच धरून उभं राहतं. मी स्वतः पपई देताना दोन वर देतो. ही लाच नाही आणि दानही नाही, माणुसकी आहे. मग जी माणुसकी काट्याला, ती घड्याळाला का नको? गावच्या कबड्डीत यजमान संघ एका गुणाने मागे असला की शेवटचं मिनिट पाच मिनिटं चालतं. पाहुणा संघही कुरकुर करत नाही, कारण त्याच्या गावातही तसंच चालतं. दीपमालेने नोकरीच्या पहिल्याच वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत, आपलीच शाळा एका गुणाने मागे असताना, वेळेवर शिट्टी मारली. मुख्याध्यापक आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती म्हणाली, "बरं झालं, आठ दिवस मीटिंग वेळेवर संपल्या."

हँडबॉल आमच्या गावात चुकून आला. शाळेने फुटबॉल मागवले होते, खोक्यातून निघाले लहान चेंडू. चौकातल्या हार्डवेअरवाल्या पारसने चेंडू हातात घेऊन निदान केलं, "मॅडम, धुण्यात आटला असेल." परत पाठवायचा खर्च चेंडूंपेक्षा जास्त होता. तेव्हा दीपमालेने नियमांचं पुस्तक मिळवलं, दोन रात्रीत वाचून काढलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर फक्की टाकली. एका बाजूला सात मुली, मध्ये चेंडू, चेंडू हातात घेऊन तीन पावलं, तीन सेकंद. तीन सेकंदांपेक्षा जास्त कुणी हातात धरून ठेवायचा नाही. हा नियम वाचला तेव्हाच, मला वाटतं, ती या खेळाच्या प्रेमात पडली.

आणि त्याच वर्षी आमशाने रोहिणीला आणलं.

आमशा तळोद्याच्या वरच्या डोंगरातला. चार एकर ज्वारी-मक्याचा मालक, बोलायला कमी, हसायला जास्त. पोरगी आठवीत टाकायची होती आणि वसतिगृहात जागा व्हायला वेळ होता. दीपमाला म्हणाली, चार दिवस राहू दे आमच्याकडे. त्या पोरीने दुसऱ्या दिवशी आमच्या पपईच्या शेतात एका वानराला साठ पावलांवरून ढेकूळ मारलं. वानराला नाही, त्याच्या हातातल्या पपईला. वानर रिकाम्या हाताकडे बघत बसलं. डोंगरात शेतावरची पाखरं हाकलता हाकलता तिचा हात तयार झाला होता. दीपमालेने खिशातलं घड्याळ काढलं, परत ठेवलं आणि मला म्हणाली, "ही कुठे जाणार नाही." ते चार दिवस पाच वर्षं चालले.

आम्हाला मूलबाळ नाही. हे एकदाच सांगून टाकतो, कारण लोक ते विचारतातच. रोहिणी आल्यावर लोकांनी विचारणं सोडलं नाही, पण आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं. पहाटे साडेपाचला दोघी मैदानावर. सव्वासातला परत. आई त्यांना बाजरीची भाकरी आणि दूध द्यायची आणि रोहिणीच्या दंडाला हात लावून बघायची, वाढला का. मी तिला स्कूटर शिकवली, तिने मला फोनवर पैसे पाठवायला शिकवलं. मला ती काका म्हणे, आईला आजी, पण दीपमालेला कायम मॅडम. एकदा आई तिला म्हणाली, "तिले काकू सांग ना वं." रोहिणी म्हणाली, "आजी, काकूले कोनी घाबरस का?"

रोहिणी राज्याच्या संघात गेली, मग देशाच्या. दीपमालेने तोवर एक वेगळीच परीक्षा दिली होती. खेळवणाऱ्या पंचाची नाही. मैदानाच्या बाजूला टेबल असतं, तिथे वेळ सांभाळणारा माणूस बसतो, त्या माणसाची. टाइमकीपर. तालुका, जिल्हा, राज्य, देश असं करत तिने ते प्रमाणपत्र आणलं आणि आईला दाखवलं. आईने ते उलटंसुलटं पाहिलं. "म्हंजे घंटा वाजाडनारी?"

"हो आई. घंटा वाजवणारी."

"ते तर तू घरमा फुकट करस."

यंदा महिलांची आशियाई हँडबॉल स्पर्धा शेजारी गुजरातेत होती. देशोदेशीचे संघ, मोठं बंदिस्त मैदान, वर गार हवा. यजमान आपण, म्हणून टेबलावर बसायला आपली माणसं हवी होती, आणि बोलावलेल्यांच्या यादीत दीपमाला. भारताच्या संघात रोहिणी. म्हसावदच्या दोन बायका एकाच मैदानात! पारसने दुकानाबाहेर मोठा टीव्ही लावला. मी पपईचं पाणी शेजाऱ्यावर सोपवलं आणि बायकोची बॅग उचलायला म्हणून नंदुरबारहून गाडीत बसलो.

पहिले चार दिवस तिला भारताच्या सामन्यांना बसवलंच नाही, आणि ते बरोबर होतं. पण गटातला शेवटचा सामना, भारत विरुद्ध कझाकस्तान, त्या सकाळी ठरलेल्या टाइमकीपरला तापाने घेरलं. दीपमाला परदेशी निरीक्षकांसमोर जाऊन उभी राहिली आणि स्वतःच सांगून टाकलं की संघातली एक मुलगी पाच वर्षं माझ्या घरात राहिलेली आहे. निरीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "नात्यातली आहे?"

दीपमाला म्हणाली, "नाही." तो एक शब्द बोलायला तिला वेळ लागला. मी दारातून बघत होतो, म्हणून मला माहीत.

"मग बसा," निरीक्षक म्हणाले.

भारताला बरोबरी पुरेशी होती. बरोबरी झाली की उपांत्य फेरी, हरलो की घरी. एवढं सोपं गणित पारसच्या दुकानासमोरही सगळ्यांना समजलं होतं. नाश्ता करत असताना आईचा फोन आला. गावाने तिला पुढे केलं होतं, मागून लोकांची कुजबुज ऐकू येत होती.

"दीपा, हाई देख. तुन्हा हातमा घड्याळ शे. पोर मांगे पडनी तर जराखं वर टाकी दे."

"आई, वेळ म्हणजे पपई नाही."

"मी कोठे ढीगभर सांगस? एक मूठ टाक."

दीपमालेने फोन माझ्याकडे दिला आणि चहा संपवला. मी आईला म्हटलं, बघतो मी. काय बघणार होतो, कुणास ठाऊक.

सामना मी गॅलरीतून पाहिला, म्हणजे बऱ्याचदा उभं राहून आणि समोरच्याच्या खुर्चीला लाथा मारत पाहिला. हँडबॉलमध्ये गोलांचा तोटा नसतो. फुटबॉलला दीड तासात एक गोल होतो आणि माणसं रडतात, इथे मिनिटाला एक. कझाकस्तानच्या मुली अंगापिंडाने दांडग्या, आमच्या चपळ. रोहिणीने सात गोल केले. प्रत्येक गोलाला मी दीपमालेकडे बघत होतो. ती पुतळ्यासारखी. निळा कोट, पाठ ताठ, डोळे मैदानावर. माझी बायको टाळी वाजवत नाही हे मला माहीत होतं, पण सातव्या गोलालाही नाही, म्हणजे हद्द झाली.

उत्तरार्धात एकोणीस मिनिटं झाली असताना भिंतीवरचं मोठं घड्याळ बंद पडलं. आकडे तिथेच अडकले. सामना थांबला, माणसं धावली, वायरी हलवून झाल्या, काही उपयोग नाही. निरीक्षकांनी नियमाप्रमाणे सांगितलं, आता टेबलावरचं घड्याळ खरं. भोंगा वाजणार नाही, शेवटची शिट्टी टाइमकीपर मारेल. म्हणजे हजारो माणसं, चौदा खेळाडू, दोन देश, आणि वेळ किती उरला ते फक्त माझ्या बायकोच्या तळहातावर. माझ्या शेजारी बसलेला सुरतचा माणूस म्हणाला, "ए बेन कोण छे?" मी छाती फुगवून म्हटलं, "मेरी वाइफ." तो अदबीने थोडा सरकून बसला.

शेवटच्या मिनिटाला भारत सव्वीस, ते सत्तावीस. चेंडू त्यांच्याकडे. त्यांनी फेकला, आपल्या गोलकीपरने छातीवर अडवला, उचलला आणि लांब भिरकावला. पुढे रोहिणी एकटी. ढोल, शिट्ट्या, आरडाओरडा, मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. रोहिणीने चेंडू झेलला, पावलं टाकली, उडाली, आणि चेंडू जाळ्यात!

मी त्या सुरतच्या माणसाला मिठी मारली. खाली रोहिणी दोन्ही हात वर करून पळत सुटली, मागे अख्खा संघ. म्हसावदला पारसच्या दुकानासमोर हजारची लड लागली, हे नंतर कळलं. आणि मग मला दिसलं की टेबलाशी दीपमाला उभी आहे. तोंडात शिट्टी. घड्याळ धरलेला हात वर. दोन्ही पंच टेबलाकडे गेल्या, निरीक्षक बोलले, आणि एका पंचाने हात आडवे हलवून खूण केली. गोल नाही.

रोहिणी टेबलावर येऊन आदळली. "मॅडम, गोल आहे! मॅडम!" गर्दीचा गलका आता ओसरला होता, त्यामुळे वरपर्यंत ऐकू आलं. दीपमाला तिच्याकडे बघून, आमच्या घरात कधी न वापरलेल्या आवाजात म्हणाली, "चेंडू रेषेपलीकडे जाण्याआधी वेळ संपली होती." रोहिणीने टेबलावरचे हात काढून घेतले. मग वळली आणि निघून गेली.

बाहेर एका वाहिनीच्या पोराने माइक पुढे केला. किती वेळाचा फरक होता? दीपमाला म्हणाली, "अर्धा सेकंद." संघाची बस समोरच उभी होती. रोहिणी खिडकीशी होती. तिने ते ऐकलं आणि पडदा ओढून घेतला.

गाडीत मी नंदुरबारपर्यंत एकदाच बोललो. नवापूर गेल्यावर राहवलं नाही. "अर्धा सेकंद कुणी मोजतं का?"

"मी मोजते," ती म्हणाली, आणि बाहेर बघत राहिली.

आता गावाचं काय सांगू? हरल्याचा राग नव्हता, लड फुकट गेल्याचा होता. पारस मला म्हणाला, "हेमकांतभाऊ, हरले तर हरले. पण फुटलेले फटाके मी परत कुठे भरू?" शाळेच्या वाटेवर लोक दीपमालेला थांबवून विचारत, "मॅडम, कितला वाजनात? अर्धा सेकंद इकडे-तिकडे चाली." दूधवाला म्हणे, आज माप अर्धा थेंब कमी शे, चाली ना? आईने तर चहातली साखरच सोडली. सुनेच्या हातचा चहा नको, असं तोंडावर म्हणता येईना, म्हणून बिनसाखरेचा मागून, प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करून, सगळ्यांना दिसेल असा अंगणात बसून प्यायची.

आणि मी? मी त्यांच्यापेक्षा वाईट वागलो. भाकरी ताटात पडली की म्हणायचो, "अर्धा सेकंद उशीर झाला." पहिल्या दिवशी मला ते फार विनोदी वाटलं. पुढचे बारा दिवस मी तेच म्हणत राहिलो. खरं सांगतो, मला तिचा राग आला होता. सगळी दुनिया मूठभर वर टाकते, आणि जिला आपण लेक म्हणून वाढवली तिच्यासाठी हिच्या मुठीतून एक कण सुटला नाही. लोक त्या गोलाची फीत फोनवर शंभरदा बघत होते. मीही बघितली. ढोलांच्या आवाजात शिट्टी कुठे वाजली ते कळतच नव्हतं. एवढ्या गोंधळात तिने नसती वाजवली तर कुणाला कळणार होतं?

दीपमाला कुणालाच उत्तर देत नव्हती. रोज संध्याकाळी सात वाजता ती रोहिणीला फोन लावायची. रिंग पूर्ण वाजायची, बंद व्हायची. ती फोन ठेवून कणीक मळायला घ्यायची. संघाचं शिबिर संपून रोहिणी डोंगरात आपल्या घरी गेल्याचं आमशाकडून कळलं, पण ती स्वतः बोलायला आली नाही. पाच वर्षं एका ताटात जेवलेली पोर फोन उचलत नव्हती. गावाच्या टोमण्यांचं दीपमालेला काही नव्हतं, ती त्यातली नाही. तिला फक्त त्या फोनचं होतं, आणि ते घरात आम्हा दोघांनाही दिसत होतं, तरी आई बिनसाखरेचा पीत राहिली आणि मी अर्धा सेकंद म्हणत राहिलो.

मग चौदाव्या दिवशी दीपमाला शाळेत आठ मिनिटं उशिरा पोचली. शिपाई पळत शेतात आला. मला वाटलं, शाळेला आग लागली. तो धापा टाकत म्हणाला, "भाऊ, मॅडमले बरं शे ना? आठ मिनिट!" मुलं रांगेत उभी राहिली होती, प्रार्थना कुणी सुरू करेना, कारण ती नेहमी मॅडमच्या शिट्टीवर सुरू होते. त्या रात्री मी भाकरी गुपचूप खाल्ली.

सोळाव्या दिवशी, रविवारी सकाळी, तळोद्याकडून आलेली जीप आमच्या दारात थांबली. आधी आमशा उतरला, मागून रोहिणी. नेहमीसारखी उडी मारून नाही, पायरीवर पाय ठेवून. वाळली होती. आईने ओट्यावरून पाहिलं आणि हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

आमशा बसला नाही. "मॅडम, पोर खात नाही," तो म्हणाला. "बोलत नाही. मी विचारलं, मॅडमचा राग आहे का? तर रडते. म्हणून आणली. आता तुमचं तुम्ही बघा."

दीपमाला उंबऱ्यात होती. हात कणकेचे. मी म्हटलं, आता भांडण होणार, आणि मनात आलं की होऊ दे एकदाचं.

रोहिणी म्हणाली, "मॅडम, मी शिट्टी ऐकली होती."

ती अंगणात दोन पावलं पुढे आली.

"तेव्हा चेंडू माझ्या हातात होता. फेकला पण नव्हता. मला वाटलं, एवढ्या आवाजात कुणाला कळणार आहे, म्हणून फेकला. आणि मग..." तिचा आवाज फुटला. "मग हात वर करून पळाले पण. तुमच्या अंगावर ओरडले पण. सगळे तुम्हाला बोलत होते आणि मी गप्प बसले. फोन कसा उचलू?"

दीपमाला म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी समोर बसले होते, रोहिणी. शिट्टी वाजली आणि तू मान किंचित वळवलीस. चेंडू तुझ्या खांद्यामागे होता. मग फेकलास. जाळ्यात जाईपर्यंत दीड सेकंद झाला."

"मग अर्धा का सांगितलात?"

दीपमालेने कणकेचा हात पदराला पुसला, जे ती कधी करत नाही. "अर्धा म्हटलं की चेंडू आधीच हवेत होता असं वाटतं, आणि लोक टाइमकीपरला शिव्या देतात. दीड म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग पोरीने ऐकून फेकला काय? कागदावर फक्त 'वेळेनंतर' एवढंच लिहायचं असतं, ते मी खरं लिहिलं. माइकवर अर्धा म्हणाले."

रोहिणीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि अशी रडली की आमशाने जीपकडे तोंड फिरवलं. माझी बायको घड्याळाकडे न बघता तिच्या पाठीवर हात फिरवत होती. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही.

मी तिथेच खांबाला टेकून उभा होतो आणि मला माझीच लाज वाटत होती. सोळा दिवस. दूधवाला, पारस, शिपाई, आई, मी, सगळ्यांची तोंडं बंद करायचा शब्द तिच्याजवळ होता. रोज भाकरी वाढताना होता. एकदा बोलली असती तर मी जन्मभर पुन्हा अर्धा सेकंद म्हटलं नसतं. ती बोलली नाही. वेळेबाबत बावीस वर्षांत कधी लटकं न बोललेली बाई, पोरीसाठी देशासमोर लटकं बोलली आणि ते एकटीने सांभाळून बसली.

आईने पेला उचलून बघितला. "मंग सोळा दिन मी बिनसाखरना चहा कसाले पिधा?" ती रोहिणीवरच उखडली, पण लगेच उठून आत गेली आणि स्वतःच्या हाताने चहा टाकला, सगळ्यांसाठी, सुनेला पहिला पेला. त्यात साखर इतकी होती की आमशाने दोनदा पाणी मागितलं.

दुपारी, रोहिणी आणि आई भाकऱ्या थापत असताना, मी दीपमालेला मागच्या अंगणात गाठलं. "चुकलं माझं," मी म्हटलं. "फार चुकलं. पण मला तरी सांगायचं होतंस."

"तुम्हाला?" ती म्हणाली. "तुम्हाला सकाळी सांगितलं असतं तर दुपारी पपईच्या व्यापाऱ्याला कळलं असतं आणि संध्याकाळी पारसच्या टीव्हीवर लागलं असतं."

यात खोटं काढायला जागा नव्हती. म्हणूनच हे लिहायला घेतलं तेव्हा आधी दोघींना विचारलं. दीपमाला म्हणाली, तिचं तिला विचारा. रोहिणीला फोन लावला. ती पुढच्या शिबिरात आहे, हल्ली पहिल्या रिंगला उचलते. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, नको म्हणणार, आणि म्हणाली असती तर मी हे पान फाडून टाकलं असतं.

"लिहा काका," ती म्हणाली. "पण लोकांना वाटतं तसं नका लिहू. जेवढं होतं तेवढं लिहा."

लिहितो. शिट्टी वाजली तेव्हा चेंडू रोहिणीच्या हातात होता. दीड सेकंद.